हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा (जन्म : १५ मार्च १८६८, मृत्यू : २० फेब्रुवारी १९५८) हे मुंबईतील छायाचित्रकार आणि भारतातील आद्य चलच्चित्रकारांपैकी एक होते. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे त्यांनी केलेले चित्रीकरण भारतीय व्यक्तीने टिपलेल्या सर्वांत जुन्या हलत्या चित्रांमध्ये गणले जाते. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे त्यांनी १९०१ मध्ये चित्रण केले. अनेक चित्रपट-इतिहासकार त्यास पहिला भारतीय वृत्तपट मानतात. भाटवडेकरांनी कथापट काढला नाही. घडत असलेली घटना ती घडते त्या जागी आणि त्याच क्षणी पकडणे, एवढेच त्यांच्या कॅमेऱ्याचे काम होते.

पार्श्वभूमी

मुंबईत छायाचित्रणाची परंपरा भाटवडेकरांच्या जन्माआधीच रुजली होती. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे शहरातील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी होत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या कलेत निष्णात होते. मात्र या पिढीच्या हाती ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायन लावायचे, ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे, असा तो प्रकार. प्रकाश पडू देण्याचा कालावधी काही सेकंदांचा असल्याने समोरच्या माणसाला निश्चल बसावे लागे. धावणारा घोडा, फुटणारी लाट किंवा झुंजणारे पैलवान अशा चित्रात केवळ धुरकट डाग म्हणून उमटत.

जिलेटिनच्या कोरड्या काचा १८७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दौडत्या घोड्याची क्रमवार चित्रे घेतली. १८८२ मध्ये फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांची चित्रे टिपली. भाटवडेकरांनी मुंबईत छायाचित्रणाचा स्टुडिओ थाटला तो याच संक्रमणकाळात. गती टिपता येते हे सिद्ध झाले होते. ती पुन्हा जिवंत करून दाखविणे मात्र अजून बाकी होते.

त्या दिशेचा एक देशी प्रयत्न मुंबईजवळच कल्याण येथे चालू होता. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र शांबरिक खरोलिका या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करीत. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे एकामागून एक पडद्यावर आणून त्यातील आकृत्या हलल्याचा भास ते निर्माण करीत. सिनेमा येण्यापूर्वी अंधारात बसून पडद्यावरची चित्रे पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकांना अशा खेळांनी लावली होती.

लुमिएर बंधूंचा खेळ

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलमध्ये लुमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा भारतातील पहिला खेळ झाला. लुमिएर यांचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिए हे ऑस्ट्रेलियाला जाताना वाटेत मुंबईत थांबले होते. प्रवेशमूल्य एक रुपया होते. दाखविलेल्या सहा लघुपटांत आगगाडीचे स्थानकात येणे, कारखान्यातून कामगारांचे बाहेर पडणे, भिंत पाडणे आणि समुद्रस्नान अशी दृश्ये होती. समुद्रस्नानाच्या पटात मुले फळीवरून पाण्यात उड्या घेतात आणि लाटांबरोबर किनाऱ्याकडे परततात. मुंबईकराला समुद्र नवा नव्हता, पण भिंतीवर लाट फुटताना त्याने कधी पाहिली नव्हती. पुढच्याच आठवड्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलविण्यात आले. तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली.

भाटवडेकरांनी हे खेळ पाहिले आणि त्यांनी प्रभावित होऊन स्वतः हलती चित्रे घेण्याचे ठरविले. एका छायाचित्रकाराला हे सुचावे हे त्या काळाशी सुसंगतच होते. जानेवारी १८९७ पासून मेडोज स्ट्रीटवरील क्लिफ्टन अँड कंपनीच्या छायाचित्रण-स्टुडिओत रोज चित्रपटाचे खेळ होऊ लागले होते, म्हणजे नवे माध्यम प्रथम छायाचित्रकारांच्याच दारात आले होते. तथापि बहुतेक स्टुडिओचालक आयात केलेली रिळे दाखविण्यावर थांबले. भाटवडेकरांनी इंग्लंडमधून रायली कंपनीचा कॅमेरा मागविला. त्याची किंमत २१ गिनी होती. पौंडाला १५ रुपये या त्या सुमाराच्या दराने ही रक्कम सुमारे ३३० रुपये भरते. वॉटसन हॉटेलमधील एका तिकिटाच्या तीनशेहून अधिक पट असलेला हा खर्च, ज्या धंद्याचे अस्तित्वच देशात सिद्ध झालेले नव्हते त्यासाठी करणे धाडसाचे होते.

कुस्तीचे चित्रीकरण

भाटवडेकरांच्या पहिल्या चित्रीकरणाचा विषय पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती हा होता. १८९९ च्या नोव्हेंबरात मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये ही कुस्ती झाली. शहरात १८९६ पासून प्लेगचे थैमान चालू होते, त्याच वर्षांतील हे चित्रण होय.

विषयाची निवड नीट पाहिली तर तीत छायाचित्रकाराची जाण दिसते. त्या काळातील कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसविलेला असे. मूठ हाताने एका लयीत फिरवावी लागे. सेकंदाला सुमारे १६ चौकटी, असा वेग न चुकता राखणे हेच मोठे कौशल्य होते, कारण हात मंदावला की पडद्यावरची माणसे धावू लागत आणि हात वाढला की ती रेंगाळत. रीळ जेमतेम मिनिटभर पुरे. फिल्मची संवेदनक्षमता कमी असल्याने भर उन्हाशिवाय चित्र उठत नसे. अशा साधनाने शर्यत टिपायची तर घोडे क्षणार्धात चौकटीबाहेर जातात. कुस्तीत मात्र वेग आणि बळ भरपूर असूनही दोन्ही मल्ल ठरावीक वर्तुळाबाहेर जात नाहीत. नोव्हेंबरातील स्वच्छ ऊन आणि टेकडीवरची मोकळी जागा यांनी प्रकाशाचा प्रश्नही सोडविला. शिवाय कुस्ती हा सर्वांच्या ओळखीचा खेळ असल्याने पडद्यावर काय चालले आहे हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या चित्रणासाठी भाटवडेकरांनी सर्कशीतील माकडांना त्यांचा शिक्षक कसरती शिकवीत असल्याचे दृश्य निवडले. फिल्म धुण्याची सोय मुंबईत नसल्याने दोन्ही रिळे लंडनला पाठवावी लागली. छायाचित्रकार आपली काच त्याच दिवशी अंधाऱ्या खोलीत धुऊन चूक पाहू शकत असे. येथे मात्र बोटीने रिळे जाऊन परत येईपर्यंत चित्र उठले की नाही हेही कळत नसे आणि कुस्ती तर पुन्हा व्हायची नव्हती.

रिळे परत येईपर्यंत भाटवडेकरांनी प्रक्षेपक मिळवून परदेशी चित्रपटांचे खेळ उघड्यावर आणि तंबूत करण्यास प्रारंभ केला. पुढे याच कार्यक्रमांत ते स्वतःची चित्रेही जोडू लागले. आपल्याच शहरातील बाग आणि आपल्याच मातीतील मल्ल परदेशी आगगाडीच्या बरोबरीने पडद्यावर पाहण्याची संधी त्यामुळे मुंबईच्या प्रेक्षकांना मिळाली.

रँग्लर परांजपे यांचे स्वागत

दापोलीजवळील मुर्डी येथे जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित विषयातील ट्रायपॉस परीक्षेत १८९९ मध्ये पहिले आले. सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय होत. त्या वर्षी हा मान त्यांना आणि एका इंग्रज विद्यार्थ्याला विभागून मिळाला होता. राज्यकर्त्यांच्या देशात, त्यांच्याच विद्यापीठात एका कोकणी विद्यार्थ्याने मिळविलेल्या या यशाने महाराष्ट्रात कमालीचा उत्साह पसरला. डिसेंबर १९०१ मध्ये परांजपे मायदेशी परतले तेव्हा चौपाटीवर त्यांचा जाहीर सत्कार झाला. भाटवडेकरांनी तो कॅमेऱ्यात टिपला.

कुस्तीची वेळ आणि जागा ठरविता येते, लोकांची गर्दी ठरविता येत नाही. सत्कारमूर्ती कोणत्या बाजूने येईल, लोक कोठे लोटतील, मधेच कोण आडवे येईल याचा अंदाज आधीच बांधून कॅमेरा रोवावा लागतो. या दृष्टीने परांजपे यांचे चित्रण हे भाटवडेकरांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे काम मानावे लागेल. राजेरजवाड्यांचे सोहळे किंवा साहेबांच्या घोडशर्यती टिपण्याचे काम परदेशी चित्रकारांनीही केले होते. पुण्याच्या शर्यतींचे आणि मुंबईत येणाऱ्या आगगाडीचे चित्रण १८९८ मध्येच दाखविले गेले होते. एका विद्यार्थ्याच्या गौरवासाठी जमलेल्या स्थानिक समाजाचे चित्र घेण्याजोगे आहे, हे मात्र भाटवडेकरांना दिसले.

याच वर्षी त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य सर मंचरजी भावनगरी यांच्या मुंबईतील आगमनाचेही चित्रण केले. मुंबईत जन्मलेले भावनगरी हे हुजूर पक्षातर्फे लंडनच्या एका मतदारसंघातून १८९५ मध्ये निवडून आले होते. मुंबईतील पारशी अग्निमंदिरावरील ‘आतश बेहराम’ हा लघुपटही १९०१ मधलाच आहे.

दिल्ली दरबार आणि नंतरचा काळ

सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणानिमित्त १ जानेवारी १९०३ रोजी दिल्लीत भरलेल्या दरबाराचे भाटवडेकरांनी चित्रीकरण केले. लॉर्ड कर्झन यांनी आखलेल्या या सोहळ्यात हत्तींची मिरवणूक आणि संस्थानिकांचा लवाजमा होता. देशीविदेशी अनेक कॅमेरे तेथे जमले होते. हे चित्रण भाटवडेकरांच्या ज्ञात कामांपैकी अखेरच्या महत्त्वाच्या कामांत मोडते.

१९०७ च्या सुमारास त्यांनी चित्रीकरण सोडले आणि ते बोरीबंदरजवळील गेइटी थिएटरचे व्यवस्थापन पाहू लागले. हेच नाट्यगृह पुढे कॅपिटॉल सिनेमा म्हणून ओळखले गेले. चित्रे घेण्यापेक्षा दाखविण्याचा धंदा अधिक भरवशाचा होता आणि त्यात त्यांची भरभराट झाली. त्यांचा कॅमेरा करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या भागीदारांकडे गेला. त्यांपैकी श्री. ना. पाटणकर हे पुढे मूकपटांच्या काळातील नामांकित निर्माते-दिग्दर्शक झाले. अशा रीतीने भाटवडेकरांचे साधन तरी कथापटांच्या पिढीपर्यंत पोहोचले.

भाटवडेकरांना दीर्घायुष्य लाभले. मूकपटांचा उदय, १९३१ मधील बोलपटाचे आगमन आणि स्वतंत्र भारतातील मोठमोठ्या चित्रसंस्था हे सर्व त्यांच्या हयातीत घडले. १९५८ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पहिलेपणाचा प्रश्न

भाटवडेकरांना पहिला भारतीय चित्रपटकार म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. कोलकात्याचे हिरालाल सेन यांनीही १८९८ च्या सुमारास काम सुरू केले होते आणि बंगाली अभ्यासक हा मान त्यांना देतात. सेन हेही मूळचे छायाचित्रकारच. मराठीत हा वाद बहुधा दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ (१९१२) आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) यांच्याभोवती फिरतो. त्यात सावे दादांचे नाव अनेकदा केवळ प्रस्तावनेपुरते येते. कथापट हाच चित्रपट, असे गृहीत धरल्याचा तो परिणाम आहे. घटनेच्या चित्रणाला त्याचे स्वतंत्र स्थान दिले तर भाटवडेकर हे फाळक्यांचे पूर्वसूरी म्हणून नव्हे, तर माहितीपट आणि वृत्तपट या वेगळ्या शाखेचे प्रवर्तक म्हणून समोर येतात.

हा वाद पुराव्याने मिटविणे कठीण आहे, कारण दोघांचेही काम आज पाहता येत नाही. हिरालाल सेन यांची रिळे १९१७ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाली. भाटवडेकरांच्या लघुपटांपैकी एकही उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई आणि उष्ण, दमट हवेत आपोआप कुजे. मुंबईची हवा तिला सर्वांत प्रतिकूल. जुन्या रिळांचे मोल कोणाला वाटत नसल्याने त्यातील चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, भाटवडेकरांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. त्यामुळे पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची नावे इतिहासात राहिली, पण त्यांची कुस्ती आता कोणालाही पाहता येत नाही.