केडगांवच्या पंडिता रमाबाई

दौंड तालुक्यांतील केडगांवचें मुक्तिसदन शिरूरकडील आमच्या मंडळ्यांसही ठाऊक आहे. तें स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. आईबापांनीं त्यांस संस्कृत शिकविलें. भागवताचे हजारों श्लोक त्यांस मुखोद्गत होते. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता म्हणून गौरविलें.

पाठांतरानें कीर्ति पावलेल्या ह्या बाईंनीं मुलांस शिकविण्याची निराळी रीत शोधिली. १८८६ सालीं अमेरिकेस गेल्यावर त्यांनीं जर्मन शिक्षक फ्रोबेल ह्याची बालोद्यानपद्धति अभ्यासिली. तींत मूल लांकडी ठोकळे मांडतें, मोडतें, पुन्हां दुसऱ्या तऱ्हेनें रचतें; एकाच गोष्टीस अनेक वाटा असतात, हें त्याचे हातच त्यास शिकवितात. ती पद्धति रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढिलेल्या शारदासदनांत व पुढें केडगांवीं आणिली. ज्या बालविधवांस व दुष्काळांतील अनाथ मुलींस लोकांनीं एकही वाट ठेविली नव्हती, त्यांस तेथें विद्या व हुन्नर मिळाले.

५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई केडगांवींच निवर्तल्या.

शिक्षकबंधूंनो, पाठांतर वाईट नव्हे. तथापि मुलानें पाठ म्हणून दाखविला म्हणजे आपलें काम संपलें, असें आम्हीं समजूं नये. हेंच आणखी कसें करतां येईल, असें त्यास रोज एकदां तरी विचारावें.