नारायणराव राजहंस उर्फ बालगंधर्व

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात मुलांनी एखादे नाटक बसवावे अशी सूचना निघाली, की पालकांपैकी कोणी ना कोणी हटकून नाक मुरडतो. सोंगे काढून मुलास खोटेपणाचीच सवय लागावयाची, असा या आक्षेपाचा मथितार्थ असतो. शाळामास्तरकीत संमेलनांच्या तालमी घेण्यात आमची बरीच वर्षे गेली, त्यामुळे हा आक्षेप आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यास उत्तर देण्याऐवजी ज्याने उभा जन्म सोंगे काढण्यातच घालविला, अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 रोजी झाला. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांस बालगंधर्व हे नाव दिले, ते जन्मभर टिकले. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर आले. त्या काळी नाटकवाल्यास भाड्याने घर देतानाही लोक विचार करीत. अशा धंद्यात हा तरुण शिरला आणि पुढे त्याची वेषभूषा, त्याचा अंबाडा, त्याचे लुगडे नेसणे यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या.

12 मार्च 1911 हा दिवस त्यांच्या चरित्रात सर्वांत अवघड आहे. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईस त्याच दिवशी व्हावयाचा होता, आणि त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही कन्या वारली. प्रयोग पुढे ढकलला असता तर कोणीही बोल लावला नसता. पण नारायणराव तोंडास रंग लावून उभे राहिले. गर्वाच्या भरात गरीब धैर्यधराचा अपमान करणारी आणि पुढे वनमाला बनून त्याची खरी योग्यता ओळखणारी भामिनी त्यांनी त्या रात्री रंगविली. प्रेक्षकांना त्यांच्या दुःखाची छाया दिसू दिली नाही.

ही हकीकत आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. आम्हीही वर्गात अनेकदा सांगितली. परंतु वय वाढल्यावर आम्हांस घरी बसलेल्या त्या मातेची, लक्ष्मीबाईंची, आठवण अधिक होऊ लागली. ती रात्र तिने कशी काढली असेल? नारायणरावांनी केले ते योग्यच केले, असे छातीठोकपणे म्हणण्याचे धैर्य आज आमच्यापाशी नाही. एवढे मात्र दिसते, की भामिनी हे जरी सोंग होते, तरी प्रेक्षकांस दिलेला शब्द हे सोंग नव्हते. मंडळीतील लहानथोर सर्वांची भाकरी त्या प्रयोगावर अवलंबून होती.

1913 साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू, थिरकवाँसारखा तबलजी, उंची वस्त्रे, अत्तरे, भरजरी पडदे! पैशाचा हिशेब मात्र नारायणरावांस कधीच साधला नाही, आणि हा दोष लपविण्यात अर्थ नाही. पण याच शौकीन पुरुषाने 1919 साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये सिंधूसाठी ठिगळाचे लुगडे नेसले. भूमिकेस जे खरे ते अंगावर घ्यावयाचे, मग पैठणी असो वा चिंधी. आमच्या तालमीत दरिद्री सुदाम्याचे काम करणारा मुलगा हातातील घड्याळ काढावयास तयार नसे, त्या वेळी आम्ही हे उदाहरण देत असू, आणि बहुधा घड्याळ निघत असे.

8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श व गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केले. केशवराव भोसले धैर्यधर, नारायणराव भामिनी. दोघांच्या चाहत्यांत चुरस विलक्षण होती, तरी प्रयोग बिघडविण्याचा क्षुद्रपणा दोघांपैकी कोणाच्याही मनास शिवला नाही. तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले.

त्याच सुमारास गंधर्व मंडळी कर्जात बुडाली होती. भागीदार तोवर दूर झाले होते. नारायणरावांनी सर्व कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले आणि गावोगाव खेळ करून काही वर्षांत ते फेडले. सावकारांनी शकुंतलेस किंवा भामिनीस कर्ज दिले नव्हते, ते राजहंसांस दिले होते. आणि राजहंसांनी ते ओळखले. पुढे खर्चाची सवय सुटली नाही, मंडळीस पुन्हा वाईट दिवस आले, हेही खरेच. 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, परंतु समोर प्रेक्षक नाहीत अशा ठिकाणी त्यांचे मन रमले नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. शरीर साथ देईना तरी ते स्त्रीभूमिका करीत राहिले. ते त्यांनी वेळीच थांबविले असते तर बरे झाले असते, असे आमचे मत आहे. गोहरबाई कर्नाटकी यांच्या सहवासावरूनही त्यांस पुष्कळ लोकनिंदा सोसावी लागली. तो संबंध त्यांनी जगापासून लपविला नाही आणि 1951 साली तिच्याशी विवाह केला.

अखेरच्या काळात पायांतील शक्ती गेली. 1964 साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.