शेठ वालचंद हिराचंद : माणसे जोखणारा उद्योगपती

आपल्या समाजाला ललामभूत ठरलेले थोर उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. परंतु तरुण वालचंदांचे मन पेढीवर रमले नाही. रेल्वेत कारकून असलेल्या व पुढे ठेकेदार झालेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. कामाची जाण फाटकांची, भांडवल व धाडस वालचंदांचे. ज्याला काम कळते त्याच्या हाती काम सोपवावे, ही त्यांची रीत येथेच पडली असावी.

१९१९ साली ग्वाल्हेरच्या महाराजांकडील आगबोट विकत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली व ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. व्यवहाराच्या दृष्टीने ती बोट तोट्याचीच ठरली, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून कोंडी केली, तेव्हा अध्यक्ष नरोत्तम मोरारजी यांच्या संयमाचा कंपनीला आधार झाला. एक पुढे झेपावणारा, दुसरा तोल सांभाळणारा. १९२९ साली नरोत्तमशेठ मोटार अपघातात निवर्तल्यावर अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली.

डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली. विमानाचे तंत्र त्यांना अवगत नव्हते. म्हणून अमेरिकन तज्ज्ञ विल्यम पॉली यांना सोबत घेतले आणि १९४१ सालीच पहिले प्रशिक्षण विमान जोडून सिद्ध झाले. मालकाला सर्व कळते, या समजुतीने कितीतरी कारखान्यांत जाणकार फोरमन गप्प बसतो. सिमेंटच्या कारखान्यामुळे वाढलेल्या आपल्या गडचांदूरच्या वाचकांना ते वेगळे सांगणे नको.

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर १९३४ साली साखर कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती कामगारांच्या वसाहतीसह वालचंदनगर वसले. मात्र नवे काम आरंभण्याची त्यांची ओढ अशी, की आरंभलेले नित्य चालविण्यास दुसऱ्या प्रकृतीचा माणूस लागे. ती जबाबदारी येथे कनिष्ठ बंधू गुलाबचंद यांनी पेलली. शेठजींच्या गौरवलेखांत हे बहुधा ओझरतेच येते. वस्तुतः या भावाशिवाय वालचंदनगरची कथा अपुरी आहे.

२१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. पुढील वर्षी एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले, तरी कार्य सोडले गेले नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

१९४९ साली शेठजींना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले व कारभार बंधूंच्या हाती गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.