पंडिता रमाबाई यांचा परदेशवास

गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षणाकरिता अथवा चाकरीकरिता दूर देशी जावयास निघाली म्हणजे घरातील वडील माणसांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. पहिली ही की, आपले मूल तेथे सुखरूप राहील की नाही. व दुसरी ही की, परत आल्यावर ते आपले राहील की नाही. पहिली शंका सर्व बोलून दाखवितात, दुसरी मनातच ठेवतात. अशा घरी प्रार्थनेकरिता आम्हांस बोलावणे येते, तेव्हा ही दुसरी शंका आईबापांच्या मुद्रेवर आम्हांस स्पष्ट दिसते. अशा वेळी आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण होते. केडगावच्या मुक्तिसदनाची हकीकत आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु ते सदन उभे राहण्यापूर्वी बाई जवळजवळ सहा वर्षे परदेशात होत्या, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. ती हकीकत आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नामक अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांनी संस्कृत शिकावे, असे त्यांचे मत होते व त्यापायी त्यांस पुष्कळ छळ सोसावा लागला. तरी त्यांनी आपल्या पत्नीस शिकविले आणि त्या मातेने रमेस शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत गावोगाव हिंडे. त्यामुळे घर म्हणून ज्यास म्हणावे असे ठिकाण रमाबाईंस लहानपणी मिळालेच नाही. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईबाप आणि वडील बहीण एकामागून एक निवर्तली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, पायी प्रवास करीत इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा पाहून त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. इ. स. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी नामक बंगाली वकिलाशी विवाह केला. पती दुसऱ्या जातीचे असल्यामुळे लोकांनी पुष्कळ नावे ठेविली. इ. स. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि पुढील वर्षी फेब्रुवारीत पती पटकीने मरण पावले. तेव्हा रमाबाईंचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

तान्ह्या मुलीस घेऊन बाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. शिक्षणाची चौकशी करण्याकरिता सरकारने नेमिलेल्या हंटर कमिशनपुढे इ. स. १८८२ मध्ये त्यांची साक्ष झाली. तीत त्यांनी आपल्या देशास स्त्री-शिक्षकांची व स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, हे निर्भीडपणे मांडिले. पुरुष वैद्यास नाडीही दाखवावयाची लाज, म्हणून किती बाया विनाऔषध मरतात, हे त्यांनी आपल्या भ्रमंतीत पाहिले होते. आपणच वैद्यकी शिकावी, असा त्यांचा विचार ठरला; परंतु त्याकरिता विलायतेस जाणे भाग होते.

हा विचार बोलणे सोपे, करणे फार कठीण होते. त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे पुरुषासही जातीबाहेर होणे किंवा प्रायश्चित्त घेणे होय. मग तरुण विधवेची गोष्ट काय बोलावी? शिवाय पदरी पैसा नव्हता. बाईंनी स्त्रीधर्मनीति या नावाचे मराठी पुस्तक लिहून छापिले व त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशावर प्रवासखर्च भागविला. पुण्यास वाँटेज येथील भगिनीसंघाच्या बाया सेवाकार्य करीत असत. त्यांची ओळख झाली होती, म्हणून इंग्लंडात प्रथम वाँटेजच्या मठात राहावयाचे ठरले. तेथे फुकट राहावयाचे नाही, हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात राहावयाचे व इंग्रजी शिकावयाचे, असा बेत होता. आपण ख्रिस्ती होणार नाही, हेही निघण्यापूर्वी बाईंनी लोकांस उघड सांगितले होते. अशा रीतीने एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांची मनोरमा व आनंदीबाई भगत नावाची सोबतीण यांसह त्या मुंबईहून आगबोटीत बसल्या. त्याच महिन्यात त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी याही वैद्यकी शिकण्याकरिता कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या होत्या.

वाँटेज हे इंग्लंडच्या दक्षिण भागातील लहानसे गाव. भगिनींनी पाहुण्यांस ममतेने वागविले; तरी परक्या देशाचे दुःख चुकले नाही. थंडी, न कळणारी भाषा, वेगळे अन्न आणि आपले म्हणावे असे कोणी नाही. थोड्याच महिन्यांत सोबतीण आनंदीबाई यांच्या मनाचा तोल गेला व त्यांनी आपल्या हाताने आपला प्राण दिला. या आघाताने रमाबाई किती हादरल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. घरापासून दूर गेलेल्या माणसाच्या अंतःकरणावर केवढे ओझे असते, हे मागे राहणाऱ्यांस पत्रावरून कळत नाही. म्हणून आमची मंडळ्यांस विनंती आहे की, परगावी गेलेल्यांस केवळ पैसा मागण्यासाठी पत्र लिहू नका. त्यांचे मन कसे आहे तेही विचारीत जा.

याच काळात भगिनींनी रमाबाईंस लंडनजवळ फुलहॅम येथील आपले एक गृह पाहावयास नेले. वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांस तेथे आश्रय मिळत असे. ज्या स्त्रियांस आपल्या देशात कोणी दारातही उभे केले नसते, त्यांची शुश्रूषा कुलीन घराण्यातील भगिनी करीत होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येकींचे आयुष्य पालटून त्या स्वतःच दुसऱ्यांची सेवा करू लागल्या होत्या. ही दया कोठून आली, असे बाईंनी विचारिले. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानकृत शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पतित स्त्रीस न लोटणारा असा गुरू आपल्या वाचनात कधी आला नव्हता, हे बाईंच्या मनास भिडले. नहेम्या गोरेशास्त्री यांच्या लेखांनीही त्यांच्या शंकांचे निरसन होण्यास साह्य झाले. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई व मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा झाला.

ही बातमी पुण्यास येताच मोठा गिल्ला झाला. परदेशी गेलेली पंडिता आता आपली राहिली नाही, असे कित्येकांनी म्हटले व वर्तमानपत्रांतून कठोर टीका झाली. आरंभी सांगितलेली दुसरी शंका येथे खरी ठरली, असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु पुढील हकीकत पाहावी.

ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी आपला पोशाख टाकिला नाही. पांढरे लुगडे त्यांनी जन्मभर नेसले. अन्न शाकाहारीच ठेविले. क्रुसावर लॅटिन शब्द असावेत, हे त्यांस रुचले नाही. आपणांस व आपल्या देशबांधवांस लॅटिन कळत नाही, मग संस्कृत शब्द का नसावेत, असे त्यांचे म्हणणे होते. भगिनींवर त्यांचे प्रेम होते व उपकारांची जाणीवही होती. तथापि धर्ममताच्या बाबतीत दुसऱ्याने सांगावे आणि आपण मान डोलवावी, हे त्यांस मान्य नव्हते. शास्त्र स्वतः वाचून, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी साक्ष देईल तेवढेच त्या पत्करीत. इ. स. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात राहिल्या. तेथे त्या गणित, इंग्रजी व सृष्टिशास्त्र शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असे हिंदुस्थानातील काही बिशपांचे मत पडले, तेव्हाही बाईंनी आपला विरोध स्पष्ट कळविला. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्याशी कृतघ्न न होता मतभेद कसा करावा, हे त्यांच्यापासून शिकण्याजोगे आहे.

ज्या हेतूने बाई घरून निघाल्या, तो हेतू मात्र सिद्धीस गेला नाही. त्यांचे कान मंद होत चालले होते, आणि ज्यास नीट ऐकू येत नाही त्यास वैद्यकी शिकता येत नाही. तीन वर्षे गेली, देशातील लोक दुरावले, आणि डॉक्टर होण्याची आशाही संपली. कोणीही निराश होऊन बसावे असा हा प्रसंग होता. इतक्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून बोलावणे आले. आनंदीबाई जोशी यांस तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात पदवी मिळावयाची होती. त्या समारंभास यावे, असे तेथील मुख्य डॉ. रेचल बॉडली यांनी कळविले. जी विद्या आपणांस लाभली नाही, ती आपल्या बहिणीस लाभताना पाहावयास जाणे, यास मन मोठे लागते. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेस घेऊन निघाल्या आणि ता. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस पदवी मिळताना त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

बेत थोड्याच दिवसांच्या मुक्कामाचा होता. पण ते राहणे पावणेतीन वर्षांचे झाले. लहान मुलांस खेळांतून शिकविण्याची फ्रोबेल यांची पद्धत बाईंनी तेथे पाहिली व ती मन लावून शिकून घेतली. मराठी मुलांकरिता वाचनाची पुस्तके लिहिण्यास आरंभ केला. स्त्रिया स्वतः मंडळे काढून, वर्गणी जमवून, हिशेब ठेवून मोठमोठी कामे कशी चालवितात, हेही पाहिले. या काळात मनोरमेस काही दिवस आईपासून दूर, वाँटेजच्या भगिनींजवळ राहावे लागले. फेब्रुवारी १८८७ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयाने वारल्या. त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती आणि आपल्या देशात वैद्यकी करण्यास अवकाश मिळाला नव्हता. त्याच वर्षी रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले व ते वाचून हजारो लोकांची अंतःकरणे हलली. त्यांनी अमेरिकेभर फिरून व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेस दहा वर्षे साह्य करण्याचे त्याने पत्करिले.

तेथील मानसन्मानाने बाईंचे डोळे दिपले नाहीत. परत आल्यावर त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती व आपला प्रवास यांवर मराठीत पुस्तक लिहिले. त्यात त्या लोकांच्या उद्योगाची व स्वातंत्र्यप्रीतीची वाखाणणी आहे. पण काळ्या लोकांस व तेथील मूळच्या रहिवाशांस गोरे लोक ज्या अन्यायाने वागवीत, त्यावर स्पष्ट टीकाही आहे. परदेशातील सर्वच चांगले, अथवा सर्वच वाईट, असे म्हणण्याचा आळस त्यांनी केला नाही.

इ. स. १८८८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को सोडून, जपानवरून त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस उतरल्या. त्यांनी आल्यावर विसावाही घेतला नाही. ता. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंस पदवी मिळाल्यास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी दोनच होत्या. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, यांचाच पुढे इ. स. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. सदन इ. स. १८९० मध्ये पुण्यास गेले. बाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात, यावरून इ. स. १८९३ मध्ये मोठा वाद होऊन कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी काम बंद पडले नाही. इ. स. १८९६ व १८९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुलींस व विधवांस गोळा करून आणिले आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे केले. इ. स. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार माणसे आश्रयास होती. विणकाम, शेती, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच करीत. खेड्यातील साध्या बाईसही कळावे, म्हणून पवित्र शास्त्राचे हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर बाईंनी केले. इ. स. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेविला.

प्रिय वाचकहो, रमाबाई ज्याकरिता परदेशी गेल्या ते त्यांस मिळाले नाही, व जे मागितले नव्हते ते मिळाले. त्या डॉक्टर होऊन आल्या नाहीत. परंतु ज्या विधवांकरिता त्या डॉक्टर होऊ इच्छीत होत्या, त्यांचा त्यांस एक दिवसही विसर पडला नाही. परत आलेला माणूस आपला राहिला की नाही, हे त्याच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून किंवा धर्म बदलण्यावरून ठरवू नये. जाताना त्याच्या मनात कोणाचे दुःख होते आणि परत येऊन त्याने कोणाच्या दुःखास हात घातला, हे पाहावे. आमच्या मंडळ्यांतून दूर जाणाऱ्या मुलामुलींच्या गाठोड्यात भाकरीबरोबर आपल्या गावातील एखादे दुःखही बांधून द्या. ते त्यांस परत येण्याची वाट दाखवील. आणि ते मागितल्याहून वेगळेच काही घेऊन आले, तर दार लावून घेऊ नका. प्रभूने त्यांच्या हाती काय दिले आहे, ते आधी पाहा.