त्स्वेत यांची खडूची नळी



पालकाची भाजी करताना दोन गोष्टी तुम्ही नक्की पाहिल्या असतील. झाकण ठेवून जास्त वेळ शिजवली, की तिचा हिरवागार रंग जातो आणि भाजी मळकट दिसू लागते. दुसरी गोष्ट, फोडणीचे तेल कडेला सुटले तर ते हिरवट-पिवळसर दिसते. म्हणजे पानातले काहीतरी त्या तेलात उतरलेले असते. ते 'काहीतरी' म्हणजे नेमके काय? या प्रश्नामागे एका माणसाने आपले आयुष्य घालवले. त्यांचे नाव मिखाईल त्स्वेत. गंमत बघा, रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच रंग असा होतो!

त्यांचा जन्म 14 मे 1872 रोजी इटलीतील अस्ती या गावी झाला. वडील रशियन, आई इटालियन. जन्मानंतर थोड्याच काळात आई वारली. मुलाचे बालपण आणि शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झाले. जिनिव्हा विद्यापीठातून 1896 साली त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ते रशियात गेले. तिथे वेगळेच संकट उभे राहिले. त्यांची परदेशी पदवी रशियात ग्राह्य धरली जात नव्हती. डॉक्टरेट झालेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला! 1901 साली त्यांनी कझान विद्यापीठाची मास्टर पदवी मिळवली आणि पुढे ते वॉर्सा येथे शिकवू लागले. तेव्हा वॉर्सा रशियन साम्राज्यात होते.

आता त्यांचा प्रश्न नीट समजून घेऊ या, कारण खरी शिकवण तिथेच आहे. पाने वाटून पेट्रोलियम ईथरमध्ये घातली, तर फक्त पिवळे कॅरोटीन बाहेर येई. हिरवे हरितद्रव्य पानातच राही. पण त्यात थोडे अल्कोहोल मिसळले, की हिरवा रंगही उतरे. एकदा बाहेर आलेले हरितद्रव्य मात्र पेट्रोलियम ईथरमध्ये सहज विरघळत असे. मग आधी का नाही विरघळले? त्स्वेत यांनी विचार केला, की पानाच्या आतला भाग या रंगाला धरून ठेवत असला पाहिजे. हे तपासायला त्यांनी पानांचा अर्क गाळणकागदावर जिरवला आणि तोच प्रयोग कागदावर केला. कागदानेही अगदी पानासारखेच वागून दाखवले.

इथून पुढची कल्पना सुचली. प्रत्येक रंगद्रव्याला धरून ठेवण्याची ताकद वेगवेगळी असेल, तर या ताकदीवरूनच ते एकमेकांपासून वेगळे करता येतील ना? त्यांनी शंभराहून अधिक प्रकारच्या पुडी तपासल्या. एका बारीक काचेच्या नळीत कॅल्शिअम कार्बोनेटची, म्हणजे खडूची पूड दाबून भरली. वरून पानांचा अर्क ओतला आणि मग शुद्ध द्रावक सोडत राहिले. कॅरोटीन कुठेच अडकले नाही, ते सर्वांत आधी खाली उतरले. नळीत मात्र रंगांचे पट्टे दिसू लागले. निळसर हिरवा, पिवळसर हिरवा आणि पिवळ्याच्या निरनिराळ्या छटा. आपण ज्याला एकच 'हिरवा रंग' म्हणतो, त्यात इतकी मंडळी दडलेली होती!

ही पद्धत त्यांनी 1903 साली वॉर्सा येथील एका व्याख्यानात मांडली. 1906 साली जर्मन भाषेतील लेखांत त्यांनी तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. ग्रीक भाषेत याचा अर्थ रंगाने लिहिणे. मराठीत आपण वर्णलेखन म्हणतो. पिवळ्या-केशरी द्रव्यांच्या कुळाला 'कॅरोटिनॉइड' हे नावही त्यांनीच सुचवले.

त्यांच्या कामातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पाने वाटताना ते त्यात आम्ल मारणारी पूड घालत. पानातल्या आम्लाने हरितद्रव्य बिघडते, हे त्यांना ठाऊक होते. आपली पालकाची भाजी मळकट का होते, त्याचे उत्तरही हेच आहे. पानातून चांगले काढायचे, तर ते न बिघडवता काढले पाहिजे.

पण जगाने त्यांचे ऐकले का? नाही. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी 1915 साली नोबेल मिळवणारे रिचर्ड विल्स्टेटर यांनीही ही पद्धत करून पाहिली होती. त्यांनी वापरलेली पूड सौम्य नव्हती, हरितद्रव्य नळीतच बिघडले. निष्कर्ष काय निघाला? पद्धतच निरुपयोगी! मोठ्या माणसाचे मत म्हटल्यावर इतरांनी पुन्हा तपासायचे कष्ट घेतले नाहीत.

त्यात पहिले महायुद्ध आले. 1915 साली वॉर्सा जर्मन सैन्याच्या हाती पडले आणि त्स्वेत यांची संस्था आधी मॉस्कोला, मग निझ्नी नोव्हगोरोदला हलवावी लागली. 1917 साली ते तार्तू येथे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी तिथेही जर्मन सैन्य पोचले, म्हणून ते व्होरोनेझला गेले. तब्येत आधीच खालावली होती. 26 जून 1919 रोजी, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बारा वर्षांनी, 1931 साली, हायडलबर्ग येथे रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी त्यांची पद्धत पुन्हा वापरली आणि कॅरोटीनचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. आज औषधांची शुद्धता तपासायला आणि अन्नातली भेसळ ओळखायला याच कल्पनेची पुढची रूपे वापरतात.

पालकहो, हा प्रयोग घरी करता येतो. पालकाची चार-पाच पाने खलबत्त्यात कुटा, त्यात मेडिकलमधले सर्जिकल स्पिरिट घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. गाळलेला हिरवा अर्क वाटीत जेमतेम तळ झाकेल इतका घ्या आणि त्यात पांढरा खडू उभा करा. अर्क खडूवर चढेल. हिरव्या पट्ट्याच्या पुढे पिवळसर कड दिसते का, ते मुलांना शोधू द्या. आपला शाळेचा खडू बहुधा जिप्समचा असतो, पण कल्पना तीच. स्पिरिट पेट घेते, म्हणून गॅसपासून लांब आणि मोठ्यांच्या देखतच करा. हा अर्क चाखायचा नाही, आणि खलबत्ता नंतर स्वच्छ धुवायचा.

खाण्यासाठी पानातले कॅरोटीन हवे असेल, तर आपली फोडणीच बरी! कॅरोटीन तेलात विरघळते आणि आपले शरीर त्यापासून जीवनसत्त्व 'अ' बनवते. म्हणून मेथी, पालक, शेवग्याचा पाला थोड्या तेलात करणे शहाणपणाचे आहे.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी एक गोष्ट. वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे आले, की आपण पटकन चूक म्हणून मोकळे होतो. त्याआधी एवढेच विचारू या, की बाळा, तू हे कसे केलेस? त्स्वेत यांना हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता, तर ते जिवंत असतानाच त्यांचे काम जगाला कळले असते.