कैद्यांचा कैवारी जॉन हॉवर्ड

अलिबागेस कचेरीच्या कामाने गेलेल्या आमच्या पुष्कळ वाचकांनी हिराकोट पाहिला असेल. कान्होजी आंग्रे यांनी १७२० साली बांधलेला हा लहानसा कोट पुढे तुरुंगाच्या कामी लागला. चौल, नागाव, रेवदंडा या बाजूच्या एखाद्या घरावर खटल्याचा प्रसंग आला, म्हणजे घरच्या माणसांची पावले त्या वाटेस लागतात. आत गेलेल्यास पोटभर अन्न मिळते काय, वारा मिळतो काय, ताप आल्यास वैद्य येतो काय, हे बाहेरच्यास दिसत नाही. भिंतीचे कामच ते आहे. मग ते पाहावे कोणी? सरकारने आपलेच तुरुंग वरचेवर तपासावेत आणि ठरविलेल्या मापापेक्षा कमी काही आढळल्यास जाब विचारावा, ही गोष्ट आज आम्हांस साधी वाटते. अडीचशे वर्षांपूर्वी ती फारच थोड्यांच्या मनात आली होती, आणि ती करून दाखविण्यास एकटा मनुष्य घोड्यावर बसून निघाला. त्यांचे नाव जॉन हॉवर्ड.

हॉवर्ड साहेबांचा जन्म १७२६ साली लंडन शहरालगत झाला. आई लहानपणीच वारली. बाप गालिचे व गाद्यागिरद्यांच्या व्यापारात धनवान झालेला, स्वभावाने कडक, आणि धर्माने राजमान्य मंडळीबाहेरचा. मुलगा अभ्यासात बेताचाच होता, म्हणून त्यास एका किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेविले. १७४२ साली बाप वारल्यावर पुष्कळ पैसा हाती आला. प्रकृती नाजूक होती. एका मोठ्या दुखण्यात घरमालकिणीने त्यांची शुश्रूषा केली. ती त्यांच्याहून सुमारे पंचवीस वर्षांनी मोठी विधवा होती. बरे झाल्यावर त्यांनी उपकाराची फेड म्हणून तिच्याशी लग्न केले. लोक हसले असतील; हॉवर्ड साहेबांस लोकांच्या हसण्याची पर्वा केव्हाच नव्हती. ती बाई १७५५ साली वारली.

त्याच वर्षी पोर्तुगालातील लिस्बन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. तेथे काही साह्य करावे म्हणून ते गलबतात चढले, तोच वाटेत फ्रेंच चाच्यांनी गलबत धरले. चाळीस तासांहून अधिक वेळ कोणास पाण्याचा थेंब की अन्नाचा कण मिळाला नाही. मग ब्रेस्ट येथील किल्ल्याच्या तळघरात सहा रात्री गवतावर निजावे लागले. तेथे मांसाचा एक मोठा तुकडा आत फेकण्यात आला. सुरी कोणापाशी नव्हती, म्हणून कैद्यांनी तो दातांनी तोडून खाल्ला. पुढे अदलाबदलीत सुटका झाल्यावर त्यांनी मागे राहिलेल्या खलाशांकरिता खटपट केली व ती सफळ झाली. तुरुंग म्हणजे काय हे त्यांस अशा रीतीने आधी अंगावर कळले, डोळ्यांनी पुढे.

यानंतरची कित्येक वर्षे बेडफर्ड प्रांतातील कार्डिंग्टन गावी शेतीवाडी पाहण्यात गेली. कुळांची ओल आलेली घरे पाडून त्यांनी चांगली घरे बांधून दिली, मुलांकरिता शाळा घातल्या. १७५८ साली दुसरे लग्न झाले. १७६५ साली मुलगा झाला आणि चारच दिवसांनी त्याची आई वारली. हे दुःख ते कधी विसरले नाहीत.

१७७३ साली ते बेडफर्ड प्रांताचे शेरीफ नेमले गेले. राजमान्य मंडळीबाहेरच्या मनुष्याने असा हुद्दा घेतल्यास त्या वेळच्या कायद्याने पाचशे पौंड दंड होऊ शकत असे. ती जोखीम त्यांनी पत्करली. शेरीफाकडे तुरुंगाची नावापुरती देखरेख असे. पूर्वीचे शेरीफ मेजवान्या देत व तुरुंगाचे काम हाताखालच्यांवर सोपवीत. हॉवर्ड साहेब स्वतः आत गेले. यात्रेकरूच्या प्रवासाचे पुस्तक लिहिणारा जॉन बनियन आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तो बारा वर्षे कैदेत होता तो बेडफर्ड येथेच.

तेथे त्यांनी जे पाहिले त्यात अंधार व घाण ही तर होतीच, परंतु मन हलले ते दुसऱ्याच गोष्टीने. जेलरास पगार नव्हता. कैद्यांपासून दस्तुरी घेऊनच त्याने पोट भरावे, अशी वहिवाट होती. आत येताना दस्तुरी, बाहेर जाताना दस्तुरी. पंचांनी निर्दोष ठरविलेला मनुष्य, किंवा ज्याच्यावर फिर्यादीच कोणी उभा राहिला नाही असा मनुष्य, ही दस्तुरी देण्यास पैसे नाहीत म्हणून पुन्हा कोठडीत ओढून नेला जाई व महिनोन्महिने तेथे पडून राही. न्यायाने सोडलेले आणि दारिद्र्याने धरलेले असे लोक त्यांनी तेथे पाहिले.

त्यांनी प्रांताच्या न्यायाधीशांस विनंती केली की, दस्तुरी बंद करून जेलरास पगार द्यावा. उत्तर मिळाले की, दुसऱ्या एखाद्या प्रांताने असे केल्याचा दाखला आणावा. कचेरीचे असले उत्तर आमच्याकडील वाचकांसही नवे नाही. बहुतेक माणसे येथे थांबतात. हॉवर्ड साहेब घोड्यावर बसले आणि दाखला शोधण्यास शेजारच्या प्रांतात गेले, तेथून पुढच्या, तेथून त्याच्याही पुढच्या. दाखला कोठेच सापडला नाही. जेथे गेले तेथे तीच दस्तुरी, तीच ओल, तोच तुरुंगज्वर. ईली येथील तुरुंग तर एका बिशपाच्या ताब्यातला होता. तेथील भिंती पक्क्या नव्हत्या म्हणून कैदी पळू नये यासाठी त्यास जमिनीवर उताणा पाडून साखळ्यांनी जखडीत, गळ्यात खिळ्यांचे लोखंडी कडे व पायांवर जड लोखंडी दांडा घालीत. चार पैसे खर्चून भिंत बांधावी हे कोणास सुचले नाही. मंडळीच्या इतिहासातील ही गोष्ट लपविण्यात काही लाभ आहे असे आम्हांस वाटत नाही.

तुरुंगज्वर म्हणजे उवांपासून पसरणारा टायफस ताप. हे कारण पुढे विसाव्या शतकात कळले. त्या काळी लोक दूषित हवेस दोष देत. १५७७ साली ऑक्सफर्ड येथे कैद्यांबरोबर हा ताप न्यायालयात शिरला व शेकडो लोक मेले. १७५० साली लंडनमध्येही न्यायाधीश त्याने दगावले. फाशीने जितके कैदी मरतात त्याहून अधिक या तापाने मरतात, असे हॉवर्ड साहेबांनी हिशेब करून दाखविले.

१७७४ साली पार्लमेंटापुढे त्यांची साक्ष झाली. एवढा प्रवास कोणाच्या खर्चाने केला, असा प्रश्न एका सभासदाने विचारला. स्वतःच्या खर्चाने कोणी असे करील हे त्यास खरेच वाटेना. सभेने त्यांचे जाहीर आभार मानले. त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने निर्दोष सुटलेल्यांपासून दस्तुरी घेणे बंद केले. दुसऱ्याने भिंती वर्षातून एकदा तरी खरवडून चुन्याने सफेद कराव्यात, कोठड्यांत वारा खेळवावा, आजाऱ्यांकरिता निराळ्या खोल्या ठेवाव्यात, स्नानाची सोय करावी व वैद्य नेमावा, असे ठरविले.

आता या चरित्रातील खरे पाहण्याजोगे काम सुरू होते. कायदा झाला म्हणून दुसरा कोणी घरी बसला असता. हॉवर्ड साहेबांनी दोन्ही कायदे स्वतःच्या पैशाने छापून जेलरांकडे पाठविले आणि मग ते पाळले जातात काय हे पाहण्यास पुन्हा निघाले. न कळविता जावे, कोठडीची लांबी, रुंदी, उंची मोजावी, खिडकी किती, मोरी कोठे, पाणी अंगणात आहे की बाहेरून आणावे लागते, रोजची भाकर किती वजनाची, वैद्य केव्हा येऊन गेला, हे सर्व टिपून घ्यावे, असा त्यांचा क्रम असे. कायद्याचा कागद सर्वांस दिसेल असा टांगला आहे की नाही, हेही ते लिहीत. पुष्कळ ठिकाणी तो टांगलेला नसे. त्यांच्या कपड्यांस तुरुंगाचा इतका दुर्गंध येई की, बंद गाडीत बसणे अशक्य होऊन ते घोड्यावरूनच प्रवास करीत. टिपणवहीची पाने विस्तवापुढे धरून वाळविल्याशिवाय उघडवत नसत. मांस व मद्य त्यांनी वर्ज्य केले होते. भाकर, बटाटे, फळे, दूध व चहा यांवर ते राहत. १७७७ साली या टिपणांचे मोठे पुस्तक निघाले. त्यात रागाचे शब्द थोडे, मापे व आकडे फार. आमच्या मते त्या पुस्तकाचे बळ याच गोष्टीत आहे, कारण कोठडी सहा फुटांची की नऊ फुटांची यावर कोणास वाद घालता येत नाही. १७८३ पर्यंत त्यांचा प्रवास ४२,००० मैलांवर गेला होता.

त्यांचा एक विचार मात्र पुढच्या लोकांनी बिघडविला. रात्री प्रत्येक कैद्यास निजण्यास निराळी कोठडी असावी, दिवसा सर्वांनी काम करावे, असे त्यांचे मत होते. पुढे याचा कित्ता गिरवून कैद्यास रात्रंदिवस एकटे कोंडण्याची रीत निघाली आणि कित्येकांस वेड लागले. अखंड एकान्त मनुष्यास सोसत नाही, हे हॉवर्ड साहेबांनी आधीच लिहून ठेविले होते.

दुसरी गोष्ट अशी की, ते फिरत होते तोपर्यंत तपासणी होती. सरकारी तपासनीस इंग्लंडात नेमले गेले ते १८३५ साली. हिंदुस्थानात १८३६ साली एक समिती बसली. १८३८ साली तिने तुरुंगांवर एक मुख्य तपासनीस असावा अशी शिफारस केली. १८९४ च्या कायद्याने स्त्रिया व पुरुष, दिवाणी व फौजदारी, शिक्षा झालेले व न झालेले यांस वेगळे ठेवावे व प्रत्येक तुरुंगास वैद्यकीय अधिकारी असावा, असे ठरविले. संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांस देण्याच्या किमान सोयींचे नियम १९५५ साली केले व २०१५ साली सुधारून त्यांस नेल्सन मंडेला यांचे नाव दिले. त्यांत तपासणी दुहेरी सांगितली आहे: एक खात्याच्या अधिकाऱ्यांनी करावयाची, दुसरी खात्याबाहेरच्या स्वतंत्र मंडळाने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्या सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून काम वाटण्याचे जुने नियम घटनाविरुद्ध ठरविले, आणि असा भेद चालतो काय हे पाहण्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी वरचेवर तपासणी करावी असे फर्माविले. ज्यांच्या वाडवडिलांच्या हाती तुरुंगातही झाडू व मैलाच दिला जाई, त्यांनी ही तारीख मुलांस सांगावी. दस्तुरीची जागा आज जामिनाच्या रकमेने घेतली आहे असे कोणी म्हटल्यास ते अगदीच खोटे नव्हे. २०२२ साली देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे अद्याप शिक्षा न झालेले होते.

असो. साठीजवळ आल्यावर हॉवर्ड साहेबांनी प्लेगाकडे लक्ष वळविले. बंदरांवर खलाशांस ज्या इस्पितळांत अडकवून ठेवीत ती आतून कशी असतात हे कळावे म्हणून ते मुद्दाम प्लेगाचा संशय असलेल्या गलबतात स्मर्ना येथे चढले आणि व्हेनिस येथे चाळीस दिवसांवर कोंडून घेतले. कोठडीची दुर्गंधी जाईना, तेव्हा त्यांनी भिंतींस चुना लावविला.

याच प्रवासात घरून दोन बातम्या आल्या. लोकांनी वर्गणी काढून त्यांचा पुतळा उभारण्याचे योजिले होते. ते त्यांनी पत्र लिहून थांबविले. दुसरी बातमी थांबविण्याजोगी नव्हती. एकुलता एक मुलगा वाईट संगतीस लागून शेवटी वेडा झाला होता. आईवेगळे मूल शाळांच्या व चाकरांच्या हवाली करून बाप दुसऱ्यांच्या मुलांच्या बेड्या मोजीत फिरला, असे टीकाकारांनी म्हटले. बापाने निर्दयपणा केला हा आरोप त्यांच्या मित्रांनी खोडून काढला आहे; परंतु ते घरी फारच थोडे होते, हे कोणी खोडू शकत नाही. तो मुलगा १७९९ साली वेड्यांच्या इस्पितळातच मरण पावला.

बापास ते पाहावे लागले नाही. १७८९ साली ते रशियात गेले. तुर्कांशी लढाई चालली होती व खेर्सन येथील लष्करी इस्पितळांत शिपाई तापाने मरत होते. तेथे एका तरुण आजारी स्त्रीस औषध देण्यास ते थंडीपावसातून गेले, तोच ताप त्यांस आला, आणि २० जानेवारी १७९० रोजी त्यांचा अंत झाला. थडग्यावर दगड नको, केवळ एक सूर्यघड्याळ ठेवावे आणि आपणांस विसरावे, असे त्यांनी सांगून ठेविले होते. लंडनच्या सेंट पॉल मंदिरात आजवर कोणाचाही पुतळा ठेविला नव्हता. तेथे पहिला पुतळा उभा राहिला तो त्यांचाच. हाती किल्ली आहे, आणि पायांखाली बेड्या पडल्या आहेत.