शेअरचा भाव ६५, कंपनीच्या तिजोरीत ९५ डॉलर! वॉरन बफेच्या गुरूने ताळेबंदात दडलेला पैसा असा शोधून काढला

गोष्ट आहे १९२६ सालची. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर काम करणारा ३२ वर्षांचा एक तरुण रेल्वे कंपन्यांचा सरकारी अहवाल चाळत होता. चाळता चाळता त्याला तेलाच्या पाइपलाइन कंपन्यांचे काही आकडे दिसले. हे आकडे कंपन्यांनी सरकारकडे दिलेल्या सविस्तर विवरणातून घेतले आहेत, अशी टीप खाली होती.

बाकीच्यांनी पान उलटलं असतं. याने वॉशिंग्टनची गाडी पकडली, तिथल्या कचेरीत जाऊन ती विवरणं मागून घेतली आणि दिवसभर वाचत बसला.

त्याचं नाव बेंजामिन ग्रॅहम. पुढे वॉरन बफेने ज्याला गुरू मानलं, तोच हा माणूस.

त्या कागदांमध्ये काय होतं?

१९११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. त्यातून तेल वाहून नेणाऱ्या आठ छोट्या पाइपलाइन कंपन्या वेगळ्या झाल्या. या कंपन्या शेअरहोल्डरांना जो वार्षिक अहवाल पाठवायच्या, त्यात नफ्याची एक ओळ आणि तुटपुंजा ताळेबंद एवढंच असायचं. वॉशिंग्टनच्या विवरणात मात्र सगळा तपशील होता. कंपनीकडे कोणते बाँड आहेत आणि किती रकमेचे आहेत, याची यादीच तिथे होती.

त्यातल्या नॉर्दर्न पाइपलाइन कंपनीचे ४०,००० शेअर होते आणि भाव होता ६५ डॉलर. म्हणजे अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत २६ लाख डॉलर. पण तिच्याकडे रेल्वेचे वगैरे बाँड आणि रोकड मिळून प्रत्येक शेअरमागे सुमारे ९५ डॉलर पडून होते. एकूण ३८ लाख! पाइपलाइनचा धंदा फुकटात आणि वर १२ लाखांचं घबाड.

हे बाँड बाजारात केव्हाही विकता येण्यासारखे होते. तेल वाहून नेण्यासाठी त्यांचा काहीच उपयोग नव्हता. मग हा पैसा कुणाचा? कंपनी चालवणाऱ्यांचा की शेअरहोल्डरांचा? ग्रॅहमच्या आयुष्यातली पहिली मोठी लढाई याच प्रश्नावर झाली.

आईचे पैसे बुडाले तेव्हा

ग्रॅहमचा जन्म १८९४ चा, लंडनमधला. तेव्हा आडनाव होतं ग्रॉसबॉम. तो वर्षाचा असताना ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडील चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार करायचे. १९०३ मध्ये वडील वारले आणि धंदा बसला. आईने घरात खाणावळीसह भाडेकरू ठेवून पाहिले, तेही जमलं नाही. तिने उधारीवर यूएस स्टीलचे शेअर घेतले होते, ते १९०७ च्या मंदीत बुडाले. शेअर बाजाराशी पोराची ओळख झाली ती अशी.

पोरगा मात्र कमालीचा हुशार. स्कॉलरशिपवर कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९१४ मध्ये वर्गात दुसरा आला. इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी त्याला शिकवायला बोलावलं. घरची परिस्थिती बघून त्याने वॉल स्ट्रीट निवडलं. पगार आठवड्याला १२ डॉलर. पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणारी नावं नकोशी झाली, तेव्हा कुटुंबाने ग्रॅहम हे आडनाव घेतलं.

१९१५ मध्येच त्याने आपली चुणूक दाखवली. गुगेनहाइम एक्सप्लोरेशन नावाची कंपनी गुंडाळली जाणार होती. तिच्याकडे तांब्याच्या खाणींचे शेअर होते. ग्रॅहमने त्या प्रत्येक शेअरचा त्या दिवसाचा बाजारभाव मांडून बेरीज केली. ती आली ७६.२३ डॉलर. गुगेनहाइमचा शेअर मिळत होता ६८.८८ ला. कंपनीचा शेअर विकत घ्यायचा आणि तिच्या पोटातले शेअर विकून ठेवायचे, मधला फरक खिशात. ताळेबंदात छापलेला आकडा जसाच्या तसा न घेता, त्यातली प्रत्येक वस्तू आज बाजारात कितीला जाईल हे बघायचं, ही सवय त्याला आयुष्यभर राहिली.

सभेला आले आठ जण

१९२६ ला परत येऊ. ग्रॅहमने गुपचूप नॉर्दर्न पाइपलाइनचे २,००० शेअर गोळा केले आणि कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेला. जास्तीचे बाँड विकून पैसे शेअरहोल्डरांना वाटा, एवढीच त्याची मागणी होती. अध्यक्षांनी धंद्याच्या गरजांची कारणं सांगून ती फेटाळली.

जानेवारी १९२७ मध्ये कंपनीची वार्षिक सभा होती. ठिकाण पेनसिल्व्हेनियातलं ऑइल सिटी. ऐन थंडीत रात्रभर रेल्वेने पिट्सबर्ग आणि तिथून लोकल गाडी. ग्रॅहम पोहोचला तर सभेला जेमतेम आठ माणसं, त्यातली पाच कंपनीचीच नोकर. त्याने निवेदन वाचायची परवानगी मागितली, तर ठरावाला अनुमोदक लागतो म्हणून त्याला अडवलं. तो एकटाच आला होता. अनुमोदन कोण देणार? सभा काही मिनिटांत आटोपली.

त्याच वर्षी त्याच्यावर खासगी आघात झाला. थोरला मुलगा न्यूटन मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेला. तरीही पाइपलाइनचा विषय त्याने सोडला नाही. वर्षभर शेअरहोल्डरांना गाठून त्यांची प्रॉक्सी मतं गोळा केली. १९२८ च्या सभेला तो वकिलांना घेऊन गेला आणि पाचपैकी दोन संचालक निवडून आणण्याइतकी मतं त्याच्या हातात होती.

थोड्याच दिवसांत कंपनीने शेअरमागे ७० डॉलर वाटले. सगळ्यात मोठा शेअरहोल्डर रॉकफेलर फाउंडेशन होता आणि पैसे वाटायला त्याचीही हरकत नव्हती. जो शेअर ६५ ला मिळत होता, त्यावर ७० डॉलर रोख आले आणि शेअरही हातात राहिला!

मग १९२९ आलं

इथे गोष्ट संपली असती तर ग्रॅहम म्हणजे फक्त एक चलाख सटोडिया ठरला असता.

१९२९ च्या सुरुवातीला तो लोकांचे सुमारे २५ लाख डॉलर सांभाळत होता. ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला. पहिल्या वर्षी नुकसान २० टक्के. सगळं स्वस्त झालंय असं वाटून त्याने उधारीवर खरेदी चालू ठेवली, तर १९३० मध्ये ५० टक्के बुडाले. १९३२ संपेपर्यंत एकूण ७० टक्के पैसा गेला होता. ज्या उधारीने आईला बुडवलं, तीच मुलालाही भोवली.

भागीदार जेरोम न्यूमनच्या सासऱ्यांनी ५०,००० डॉलर घातले म्हणून फंड तगला. नियमाप्रमाणे तोटा भरून निघेपर्यंत ग्रॅहमला मोबदला नव्हता. पाच वर्षं त्याने बिनपगारी काम केलं आणि उरलेल्या गुंतवणूकदारांचं नुकसान भरून काढलं.

नॉर्दर्न पाइपलाइनने शिकवलं होतं की वहीतला आकडा खरी संपत्ती झाकू शकतो. १९२९ ने शिकवलं की बाजारभावही खरी किंमत नसतो. दोन्ही आकडे तपासायचे आणि चूक झाली तरी तगून राहू एवढं अंतर ठेवून खरेदी करायची. त्याच्या प्रसिद्ध सुरक्षित अंतराच्या तत्त्वाचा अर्थ एवढाच.

१९३२ मध्ये कोलंबियात त्याच्या देखरेखीखाली ६०० औद्योगिक कंपन्या तपासल्या गेल्या. त्यातल्या २०० हून अधिक कंपन्यांचे शेअर, सगळी देणी वजा करून उरणाऱ्या चालू मालमत्तेपेक्षाही स्वस्त होते. ५० हून अधिक तर निव्वळ रोकड आणि विकण्याजोग्या रोख्यांपेक्षा कमी भावात. हे त्याने फोर्ब्समध्ये लिहिलं. १९३४ मध्ये डेव्हिड डॉडसोबत त्याचं ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ आलं आणि १९४९ मध्ये ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’. १९५० च्या सुमारास वॉरन बफे त्याच्या वर्गात येऊन बसला.

गंमत म्हणजे ग्रॅहमला सर्वाधिक पैसा स्वस्तातल्या मोडीने मिळवून दिला नाही. १९४८ मध्ये सुमारे ७ लाख डॉलरला घेतलेल्या गायको विमा कंपनीच्या अर्ध्या हिश्शाने बाकी सगळ्या सौद्यांना मागे टाकलं. १९५६ मध्ये त्याने फंड बंद केला. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समध्ये तो वारला.

आज हा हिशोब कसा मांडतात?

ग्रॅहमच्या उमेदीच्या काळात रोखे बहुतेक खरेदीच्या किमतीला दाखवायचे. आज अमेरिकेत आणि भारतात मोठ्या कंपन्यांना बहुतेक गुंतवणूक तीन कप्प्यांत टाकावी लागते.

पहिला कप्पा, मुदत संपेपर्यंत ठेवायचे बाँड. यांना रोजचा बाजारभाव लागत नाही. दुसऱ्या कप्प्यात ताळेबंदात बाजारभाव दिसतो, पण चढउतार नफ्यात न धरता थेट राखीव निधीकडे जातो. तिसऱ्या कप्प्यात चढउतार थेट नफ्या-तोट्यात. म्हणजे तोच बाँड, पण कप्पा बदलला की कंपनीचा नफा वेगळा दिसतो.

२०१८ पासून अमेरिकेत शेअरमधला न विकलेला फायदाही नफ्यात धरावा लागतो. त्यामुळे बफेच्या बर्कशायरचा नफा तिमाहीत अब्जावधी डॉलरने वरखाली होतो आणि त्या आकड्याकडे फार लक्ष देऊ नका, असं बफेलाच शेअरहोल्डरांना सांगावं लागलं.

आणि नॉर्दर्न पाइपलाइनसारखी गोष्ट आपल्या मुंबईतही घडली. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सकडे एशियन पेंट्सचे शेअर होते. तरी तिचा स्वतःचा भाव ३ रुपये ५३ पैशांवर अडकलेला, कारण त्या भावाला विकायला कुणीच तयार नव्हतं. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी बीएसईच्या खास लिलावानंतर तो एका दिवसात २,३६,२५० रुपये झाला. हा भावही तिच्या वहीतल्या प्रतिशेअर किमतीपेक्षा कमीच होता.

सोशल मीडियावर सगळ्यांना तो चमत्कार वाटला. पण कंपनीकडे काय आहे हे तिच्या ताळेबंदात आधीपासून लिहिलेलं होतं. ते पान उघडून वाचायचं कष्टाचं काम ग्रॅहमने शंभर वर्षांपूर्वी केलं होतं, तेही रेल्वेचं तिकीट काढून.